कोसळणे : कामावरचं वाक्य हवं आहे

४ जानेवारी

मुकादमकाका, नमस्कार.

अक्षर ओळखलंत का? नसेल तर पाकीट उलटून बघा, आणि तरीही ओळख पटली नाही तर सांगते. मी तुमच्या गवंड्याची मुलगी, जिला तुम्ही मुंगळी म्हणायचात. बापाच्या पायाला चिकटली की सुटत नाही म्हणून. आधी फोन केला होता. सूनबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही, पत्र लिहा, पत्र ते चार-चारदा वाचतात. म्हणून हे पत्र. चार-चारदा वाचायचं असेल तर जरा जपूनच लिहायला हवं.

मी शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, पाच टेबलं, भिंतभर लाकडी खण आणि खणांत कार्डं. एका कार्डावर एक शब्द, त्याखाली तो शब्द असलेलं एक वाक्य आणि खाली तीन रकाने : कोण बोललं, कुठे, कधी. आमच्या संपादकांना आम्ही पाठीमागे थोरले म्हणतो. त्यांचा एकच हट्ट आहे की वाक्य मनानं बनवायचं नाही, कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. पहिल्या वर्षी मी आळसानं एक वाक्य घरीच बनवून आणलं होतं. त्यांनी नुसतं वाचून ओळखलं. "हे कुणाच्या तोंडचं नाही," म्हणाले आणि कार्ड माझ्यासमोर फाडलं.

सध्या आमची गाडी ‘कोसळणे’ या शब्दाशी अडली आहे. पाऊस कोसळतो, भाव कोसळतात, सरकार कोसळतं, संकट कोसळतं, हे सगळं वर्तमानपत्रांतून भरपूर मिळालं. पण ज्यांच्या डोळ्यांदेखत खरंच काही कोसळतं त्यांचं एकही वाक्य नाही. बांधकामावरची माणसं हा शब्द कसा वापरतात? भिंत कोसळते की ढासळते? माणूस कोसळतो का? मला एकदम तुम्ही आठवलात. थोरल्यांना परांची म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. मी सांगितलं, बांबू आणि दोर बांधून केलेला सांगाडा, त्याच्या फळ्यांवर उभं राहून गवंडी भिंतीला गिलावा करतो, आणि ज्यांनी चाळीस वर्षं परांच्याच बांधल्या असे एक मुकादम माझ्या ओळखीचे आहेत. तेव्हा माझी अब्रू तुमच्या हातात.

आई बरी आहे, म्हणजे तिच्या मानानं. बाबांचा विषय निघाला की अजून तोंड कडू करते. परांचीवरून पडून ते गेले त्याला एकतीस वर्षं झाली, पण "पाय कुठे ठेवतोय ते बघायला नको माणसानं?" हे काही बदलत नाही. त्यांचा फोटोसुद्धा कपाटात चादरींच्या खाली आहे. पाय घसरला तो काय त्यांनी मुद्दाम घसरवला? पण तिच्याशी कोण डोकं लावणार.

तुमची,
मुंगळी


१५ जानेवारी

मुंगळे,

पाकीट उलटावं लागलं नाही. अक्षर बापाचंच उचललंस, फक्त त्याच्या चुका घेतल्या नाहीस. आणि चाळीस नाही, त्रेचाळीस वर्षं. कोश लिहिणारे तुम्ही, निदान आकडा तरी धड लिहा.

आता नीट ऐक. ढासळते ती जुनी भिंत. आधी माती गळते, मग एखादी वीट हलते, आठ-आठ दिवस ती तुला सांगत असते की बाई, मी चालले. कोसळतं ते एकदम. सांगायला वेळ देत नाही. पाया खचतो, वीट निखळते, पाय घसरतो, हात सुटतो आणि माणूस पडतो. माणूस कोसळतो तो घरी, वाईट बातमी ऐकून. कामावर तो नुसता पडतो. हे तुझ्या थोरल्यांना वाचून दाखव, म्हणावं मुकादमाला शाळा चारच इयत्ता झाली आहे, संभाळून घ्या.

पण कामावरचं वाक्य मिळणं कठीण आहे, कारण कामावर हा शब्द आम्ही काढतच नाही. परांचीवर उभं असताना तोंडातून तो निघता कामा नये, अशी आमच्यात पद्धत. एखादा नवखा बोललाच तर त्याला खाली उतरवून दिवसभर वाळू चाळायला लावायचो. दुसऱ्या दिवसापासून त्याची जीभ बरोबर वळायची.

आणखी एक पद्धत होती, ती माझी स्वतःची. बांधणारा आधी चढणार. रोज सकाळी एकाही गवंड्यानं शिडीला हात लावायच्या आधी मी वर जायचो आणि प्रत्येक फळीवर दोन्ही पायांनी उड्या मारून बघायचो. तेव्हा माझं वजन दोन गवंड्यांएवढं होतं. खाली सगळे दात काढायचे, मुकादम नाचतोय म्हणायचे. म्हणेनात का. मी नाचलो की मगच बाकीच्यांनी वर यायचं. सगळी माणसं माझ्या परांचीवर डोळे मिटून चढायची.

आता वजनही राहिलं नाही आणि नाचही. सून दोन पायऱ्या चढू देत नाही. आईला माझा नमस्कार सांग. सांग म्हणजे सांगच. तिनं मला कधी घरी या म्हटलं नाही, त्याचं काही वाटून घेत नाही मी. काही माणसं दिसली की नको तो दिवस आठवतो.

मुकादम


२४ जानेवारी

काका,

तुमचं पत्र थोरल्यांनी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून सगळ्या कचेरीला ऐकवलं. ‘माणूस कोसळतो तो घरी’ याचं कार्ड झालंसुद्धा. बोलणारा : मुकादम, परांची बांधणारे. आमच्या खोलीत तुमची आता वट आहे. पण थोरल्यांचं समाधान होईल तर ते थोरले कसले. म्हणाले, त्रेचाळीस वर्षांत एकदाही यांच्या तोंडून निघाला नाही? एखादं खरं कामावरचं वाक्य काढाच. तेव्हा जरा आठवून बघा.

आई आजारी आहे. मागच्या पत्रात बरी आहे लिहिलं ते खोटं नव्हतं, आठ दिवसांत सगळं फिरलं. पोटात गाठ निघाली आणि ती बरीच पसरलेली आहे. दवाखान्यातून घरी आणलं. खिडकीजवळ खाट टाकली आहे. मी सकाळी तिचं आवरून कामावर जाते आणि दुपारी येते, कार्डं घरीच लिहिते.

आता ती बाबांबद्दल बोलते. पूर्वी फटकन एक वाक्य टाकून गप्प व्हायची, आता बोलतच राहते. मी तेव्हा नऊ वर्षांची. मला कुणी काही सांगितलंच नाही, नुसतं ‘पाय घसरला’ एवढं माहीत. कितवा मजला होता, सकाळ होती की दुपार, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

तुमच्या नाचण्याचं तिला वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "म्हणजे फळी पक्कीच होती. त्यांचंच लक्ष नव्हतं." खरं सांगू, आता मलाही तसंच वाटायला लागलं आहे. तुम्ही नाचून बघितलेल्या फळीवरून जो पडतो तो स्वतःच्याच चुकीनं पडत असणार, नाही का?

मुंगळी


८ फेब्रुवारी

मुंगळे,

चौथा मजला. सकाळची वेळ. फळीवर दव होतं. पाय घसरला. तेव्हाच हे लिहून दिलेलं आहे, त्यावर माझी सही आहे. इतक्या वर्षांनी उकरून कुणाच्या हाती काय लागणार? तुझ्या आईला आराम करू दे, असलं काहीबाही वाचून दाखवत जाऊ नकोस.

वाक्य पाहिजे तर हे घे. ‘ट्रकचा धक्का लागून शेजारच्यांची कुंपणाची भिंत कोसळली.’ बोलणारी माझी सून, जागा स्वयंपाकघर, परवा सकाळी.

बापाला मात्र नावं ठेवू नका. दोघींनीही. कामाला चोख माणूस होता.

यापुढे लिहायला जमेल असं वाटत नाही.

मुकादम


२१ फेब्रुवारी

काका,

मी काही चुकीचं विचारलं असेल तर पोटात घाला. पण आता पुन्हा विचारते आहे, आणि या वेळी कोशासाठी नाही.

मंगळवारी दुपारी मी आईची नखं कापत होते. एक हात झाला, दुसरा घेतला, तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांना फार बोलले." कुठल्या दिवशी ते सांगावं लागलं नाही. सकाळी दोघांचं वाजलं होतं. कशावरून ते विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय? आमच्यातलं होतं ते." बाबा अर्धा चहा टाकून उठले. आई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "जा, आणि परत नाही आलात तरी चालेल." दीड तासानं कुणीतरी सांगत आलं.

काका, एकतीस वर्षं ती हे धरून बसली आहे. तिचे शब्द डोक्यात घोळत होते, म्हणून बाबांचं लक्ष नव्हतं आणि म्हणून पाय घसरला, असा तिचा हिशोब आहे. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती बाबांवर चिडली आहे. फोटो कपाटात का, तर रागानं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी तिचा हात धरून रडत बसले. ती रडली नाही. म्हणाली, "उरलेली नखं काप."

मी तिला म्हटलं, असं काही नसतं गं. ती म्हणते, तू होतीस का तिथे? मी नव्हते, पण तुम्ही होतात. बाबा त्या सकाळी कसे दिसत होते? उदास होते का, तुमच्याशी काही बोलले का, आईबद्दल काही म्हणाले का? जे खरं असेल तेच लिहा, माझ्यासारखं घरी बनवलेलं नको. ती थोरल्यांपेक्षा पक्की आहे, लगेच ओळखेल. आणि लवकर लिहा. डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नाहीत, आठवड्यांचं बोलतात.

तुमची,
मुंगळी


१६ मार्च

काका,

तुम्ही बरे आहात ना? सूनबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, पत्रं मिळाली, उशीखाली ठेवली आहेत.

मी आता कचेरीत जात नाही, घरीच असते. पोस्टमन आमच्याकडे साडेअकराला येतो. आई अकरापासून दाराकडे कान लावून बसते. तो गेला की विचारते, "मुकादमांचं आलं?" एका ओळीचं असलं तरी चालेल.

मुंगळी


९ एप्रिल

मुंगळे,

हे सहावं पत्र. पाच लिहिली आणि फाडली.

पाय घसरला नाही. चौथ्या मजल्याची परांची कोसळली. तुला कामावरचं वाक्य हवं होतं ते हे. बोलणारा मी. कधी, तिथे आजची तारीख घाल, कारण तेव्हा बोललो नाही.

आदल्या संध्याकाळी माझ्याकडून कोपऱ्याची बांधणी अर्धी राहिली. उजेड गेला होता. आडव्या बांबूला दोराचा एकच वेढा दिला आणि म्हटलं, उरलेले तीन सकाळी देऊ. सकाळी आलो तर गिलाव्याचा माल कालवून तयार आणि सगळे माझीच वाट बघतायत. त्या दिवशी माझा गुडघा पहिल्यांदा धरला होता. चार मजले चढायचं, नाचायचं आणि परत उतरायचं जिवावर आलं. राहिलेल्या वेढ्यांचं तर डोक्यातूनच गेलं होतं. तुझा बाप शिडीपाशी उभा होता. त्यानं विचारलं, "मुकादम, नाचून झालं का?" मी म्हटलं, "केव्हाच. जा वर." तो गेला.

वर पोचून त्यानं मालाची बादली ओढून घेतली, आणि कोपरा सुटला. मी खाली उभा राहून वरच बघत होतो. आणखी काय सांगू.

साहेब चौकशीला यायच्या आधी तासभर मिळाला. तेवढ्यात मी तो कोपरा नव्यानं बांधला, चांगले चार-चार वेढे देऊन. चौघांनी सगळं पाहिलं होतं. साहेबानं विचारलं तेव्हा ते चौघे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, दव होतं, पाय घसरला. त्यांनी माना हलवल्या. पुढचं काम त्यांना माझ्याचकडे करायचं होतं. त्यानंतर काम सोडेपर्यंत एकही सकाळ मी नाचायचा राहिलो नाही. लोक म्हणायचे, मुकादम माणसांना किती जपतो. मी ऐकून घ्यायचो. बायकोला मरेपर्यंत सांगितलं नाही मी हे.

तुझ्या आईचं मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मला वाटायचं तिला त्याचा राग आहे, आणि रागाच्या जोरावर बाई तुला वाढवते आहे, तर राहू दे तसंच. मला ते सोयीचंही होतं. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की माझं ओझं ती वाहत होती. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहायला बसलो की तू मला काका म्हणतेस ते डोळ्यांपुढे यायचं आणि मी फाडायचो.

आता तू विचारलंस ते. शिडीपाशी उभा राहून तो मला म्हणाला, "आज घरी तोफखाना सुटला होता. बायको तिच्या बहिणीकडे जायचं म्हणते आणि मी महिनाभर नाही म्हणतोय. तिचं बरोबर आहे. बहिणीचं बाळंतपण जवळ आलंय, जवळ कुणी नाही. संध्याकाळी जरा लवकर सोडा, आजच नेऊन पोचवतो तिला." मी म्हटलं, सोडतो. शब्दन् शब्द असाच आहे, माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. तो उदास नव्हता. शीळ घालत शिडी चढला.

हे सगळं तिला वाचून दाखव. माझं काही झाकू नकोस. तिला म्हणावं, तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही. माझ्या बोलण्यानं झालं.

मुकादम


१७ एप्रिल

मुकादम,

तुमचं पत्र तेरा तारखेला आलं. आई तीस मार्चला गेली.

चार दिवस झाले, तुमच्यावर नेमकं कशासाठी रागवावं ते मी ठरवते आहे. वेढे द्यायचे राहिले, माणसाकडून राहतं. गुडघा दुखत होता, तेही समजू शकते. ‘केव्हाच, जा वर’ हे समजत नाही, पण आणखी काही वर्षांनी कदाचित तेही समजेल. साहेबासमोर तुम्ही घाबरलात, तिथेही मी स्वतःची समजूत घालेन. एकवीस फेब्रुवारीनंतरचे दिवस मात्र मला कधीच समजणार नाहीत. तिला हवं होतं ते तुमच्याकडे होतं, तुम्हाला पाठ होतं, आणि तुम्ही पत्रं फाडत बसलात. माझा बाप तुम्ही एकदा मारलात. आईला तुम्ही रोज साडेअकरा वाजता मारत होतात. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं, पण वाटत नाही.

कार्ड केलेलं नाही. थोरल्यांना तुमचं पत्र दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. तुम्ही उत्तर लिहू नका.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कळायला हवी, म्हणून लिहिते. चोवीस मार्चला पोस्टमन येऊन गेला, आणि मी एक जुनं पाकीट हातात घेऊन आईकडे गेले. म्हटलं, मुकादमांचं आलं. तिला उठवून पाठीशी दोन उशा दिल्या. केस सारखे कर म्हणाली, ते केले. मग कचेरीतलं एक छापील परिपत्रक समोर धरून मी तुमचं पत्र वाचलं. दोन दिवस मनात जुळवलं होतं. गवंडी त्या सकाळी अगदी खुशीत होता, घरच्या रागाचं नावही नव्हतं, तुझ्या आईबद्दल चांगलंच बोलत होता, दव होतं म्हणून पाय घसरला, यात कुणाचाच दोष नाही, असं सगळं. तुमच्यासारखं वाटावं म्हणून मध्ये एक चेष्टासुद्धा घातली होती.

आई डोळे मिटून ऐकत होती. माझं वाचून झालं, तरी तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "आणि बहिणीचं काय म्हणाले?"

मला काही कळेना. कुणाची बहीण, तिचं काय. मी उगाच कागद उलटून पाहिला.

"बघ ना पुढे," आई म्हणाली. "त्याबद्दल काहीतरी म्हणाले असतील."

मी म्हटलं, "एवढंच आहे, आई."

ती म्हणाली, "बरं." मग उशा काढायला सांगितल्या. त्यानंतर ती सहा दिवस होती, पण पोस्टमन आला का असं तिनं पुन्हा विचारलं नाही.